बरणीतला उजेड

आमच्या घरातला सर्व्हर पलंगाखाली राहतो. सर्व्हर म्हणजे स्क्रीन फुटलेला, बॅटरी मेलेला एक जुना लॅपटॉप. पण नणंदेने तो तिथे आडवा टाकून वायर जोडली तेव्हापासून त्या कोपऱ्यात झाडू न्यायला बंदी आहे. सासूबाईंनी एकदा नेला. वायर निसटली, त्यांनी घाबरून परत खुपसली, आणि घरातले सगळे दिवे भरदुपारी लागले. शिवाय माझ्या फोनवर निरोप आला, ‘कपडे धुऊन झाले आहेत.’ मशीन रिकामं होतं.

“अगं, मी नुसती जाळी काढत होते,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तो सर्व्हर आहे!” नणंद ओरडली.

“मग त्याला सांग, माझ्या घरात राहायचं तर जाळी धरू द्यायची नाहीत.”

नणंद कॉम्प्युटरचं शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. तिला सगळे खुडबुड म्हणतात. पाच-सहा वर्षांची असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं, परत बसवलं, आणि दोन चाकं उरली तरी ते चालत राहिलं, तेव्हापासूनचं हे नाव. कॉलेजात जे शिकवतात ते ती परीक्षेपुरतं करते. खरा जीव या उद्योगांत. फ्रिजचं दार उघडं राहिलं की वरचा जुना फोन कोकलतो. वॉशिंग मशीनच्या पाठीला चिकटपट्टीने एक बोटभर पट्टी लावली आहे. मशीन थरथरायचं थांबलं की ती निरोप पाठवते. माझं लेकरू, पिल्लू, मशीनशेजारी उड्या मारून थांबलं तरी पाठवते. “त्याचेही कपडे झाले असतील,” खुडबुड म्हणते आणि दुरुस्त करायचं टाळते. सासूबाईंच्या गोळीची आठवण करणारा एक डबा आहे. तो त्यांना रोज सकाळी हाक मारतो आणि त्या त्याला रोज सांगतात, “घेतली रे बाबा, घेतली.” पाहुणे आले की त्या म्हणतात, “या घरात बिनवायरची मी एकटीच उरलेय.”

नवरा टॉवर क्रेन चालवतो. दूर एका बंदराचं बांधकाम चाललं आहे, तिथे. कित्येक महिने तिकडे, मग थोडे दिवस घरी. मागच्या वेळी तो निघायच्या आधी खुडबुडने दोन दिवे केले. कॉफीच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. सँडपेपरने घासून घासून त्यांची काच धुक्यासारखी केली. आत बारक्या दिव्यांचं कडं, तळाशी एक चिमुकला बोर्ड, झाकणाला वरून तांब्याची पट्टी. एका बरणीच्या झाकणावर हात ठेवला की दुसरी उजळते, ती कितीही लांब असो, फक्त वायफाय हवं. उजेड पिवळा, हळूहळू चढणारा. चहा गाळून होईपर्यंत राहतो आणि तसाच हळूहळू उतरतो.

“निरोप नाही, आवाज नाही, फोटो नाही,” ती दादाला समजावत होती. “तुला काही बोलायचं नाहीये दादा, तुला बोलणं जमत नाही हे आम्हाला माहीत आहे. फक्त हात ठेवायचा.”

“हात ठेवून काय होणार?”

“वहिनीला कळणार, की तुझं डोकं अजून चालू आहे.”

तो हसला. एक बरणी टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातली. दुसरी हॉलमधल्या शेल्फवर, ओट्यावरून दिसेल अशी.

पहिले काही आठवडे ती वेळी-अवेळी लागायची. सकाळी, जेवताना, एकदा तर पिल्लूची अंघोळ चालली असताना, आणि खुडबुड हॉलमधून ओरडली, “वहिनी, दादाने हात ठेवलाय, साबण टाक आणि ये!” पिल्लू तेव्हा नुकतं धरून उभं राहायला लागलं होतं. बरणी उजळली की ते शेल्फची कड धरून वर बघायचं. बापाचा चेहरा फोनवर दिसला तर ते फोन चाटायला जायचं. पण बरणीकडे बोट करून एके दिवशी ते स्पष्ट म्हणालं, “बाबा.” त्याचा पहिला शब्द. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायला लागलो. मीही वाजवल्या. आनंद झाला असणार.

असणार म्हणते, कारण त्या दिवसांत मला नक्की कळत नसे. दाढ काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, हात लावून बघावा लागतो, तसं काहीसं सगळ्या अंगाला झालं होतं. कधीपासून ते सांगता येणार नाही. पिल्लू झालं तेव्हापासून, किंवा तो गेला तेव्हापासून, किंवा मधेच कधीतरी. वाईट असं काही वाटत नव्हतं. दूध उतू जाताना मी गॅससमोर उभी असायचे आणि ते उतू जाताना दिसायचं. पिल्लू हसलं की वाटायचं, हे छान आहे, हे कुणाला तरी सांगायला हवं. सासूबाई म्हणायच्या, “झोप पूर्ण होत नाही तुझी.” मी म्हणायचे, “हो ना.” आणि कांदा चिरायला घ्यायचे.

फक्त संध्याकाळी तेवढं वेगळं होतं. नंतर नंतर बरणी दिवसातून एकदाच लागायला लागली, संध्याकाळी. अगदी ठोक्याला नाही. कधी मी भाजी निवडत असताना, कधी पिल्लूला भरवताना. रविवारी जरा उशिरा. एखादी संध्याकाळ कोरडीच जायची, तेव्हा मी आपली आपल्यालाच सांगायचे, ओव्हरटाइम असेल, वारा असेल, वरच अडकला असेल. पण लागली, की हातातली सुरी खाली ठेवावीशी वाटायची. मी हॉलमध्ये जायचे, पदराला हात पुसून झाकणावर तळवा ठेवायचे. तांबं गार असायचं आणि मग गार राहायचं नाही. तिकडे त्याची बरणी लागत असेल. तो क्रेनवरून उतरून, बूट काढून, पलंगावर पाय लांब करून बसला असेल आणि आधी हे केलं असेल. एवढंच मला हवं होतं. हे खरं असलं तर बाकीचं आपोआप परत येईल असं मी धरून चालले होते.

मध्ये मला ताप आला. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. संध्याकाळी बरणी लागली, उतरली, आणि लगेच पुन्हा लागली. दोनदा. मी पांघरुणातून डोकं काढून बघत राहिले. कुणी त्याला सांगितलं असेल ताप आहे म्हणून? तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तापामुळे असेल. पण आले होते.

फोनवर तो दिव्याचा विषय काढत नसे. “बरंय ना सगळं? पिल्लू काय म्हणतंय? आईची गोळी?” एवढं झालं की मागे कुणीतरी त्याला हाक मारायचं. मीही दिव्याचं बोलत नसे. काही गोष्टींवर बोट ठेवलं की त्या थांबतात अशी मला भीती होती.

मग तो आला. ठरल्यापेक्षा आधी आला. तिकडे वारा सुटला होता, असल्या वाऱ्यात क्रेन चालवत नाहीत, म्हणून साइट बंद झाली आणि रजा अलीकडे आली. कळवलं नाही. दुपार कलताना बेल वाजली, सासूबाईंनी दार उघडलं आणि किंचाळल्या, “अरे, हा तर खराच आला!”

तो रापला होता. बारीक झाला होता. मी चहा टाकला. त्याने पिल्लूला उचलायला हात पुढे केले, तर ते माझ्या पायामागे गेलं. “येईल, येईल,” सासूबाई म्हणाल्या, “जरा वास ओळखीचा होऊ दे.” तो सोफ्यावर बसला, बॅग पायाशी. खुडबुड अजून कॉलेजातून यायची होती. आम्ही बोलत होतो. वाऱ्याबद्दल, बसच्या तिकिटाबद्दल, शेजारच्यांनी लावलेल्या लोखंडी दाराबद्दल. मी ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होते आणि मधे मधे त्याच्याकडे बघत होते, जसं नवीन आणलेल्या कपाटाकडे आपण बघतो, आता हे इथे असणार म्हणून.

बरणी उजळायला लागली.

हळूहळू, नेहमीसारखी. पिवळा उजेड शेल्फवरून भिंतीवर चढला.

पिल्लू माझे पाय सोडून धावलं. सोफ्यावर बसलेल्या माणसाला वळसा घालून ते शेल्फपाशी गेलं, टाचा उचलल्या, बोट वर केलं आणि म्हणालं, “बाबा!”

“अरे वेड्या,” तो हसत म्हणाला, “मी इकडे आहे.”

पिल्लूने वळूनही पाहिलं नाही. “बाबा,” त्याने बरणीला परत सांगितलं.

मग तो हसायचा थांबला. त्याने बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ही लागते कशी?”

सासूबाईंना आधी सुचलं. “तुझ्या खोलीतल्या कुणीतरी हात लावला असेल. नाही का? तू इकडे, ती तिकडे पडलेली. कुणीतरी सहज लावला असेल.”

मी बटाटा हातात धरून उभी होते. असंही असू शकतं, असं माझ्या मनात आलं. कुणीतरी सहज. आज.

“नाही गं,” तो म्हणाला, “ती तर इथे आहे.” आणि खाली वाकून त्याने बॅगेची चेन उघडली, कपडे बाजूला केले, तोच टॉवेल काढला. त्यातून बरणी काढून टीपॉयवर ठेवली. वायर गुंडाळून रबरबँड लावलेली. काचेवर धुळीचा थर होता, बोटांचे ठसे फक्त आत्ताचे. “म्हटलं, तिकडे उगाच पडून आहे. पिल्लूला खेळायला होईल.”

शेल्फवरची बरणी पूर्ण पिवळी झाली होती. टीपॉयवरची काळी. चहा गाळून व्हायला लागतो तेवढा वेळ गेला आणि शेल्फवरची उतरायला लागली.

तेवढ्यात लॅच फिरलं. खुडबुड दारात, कानात इयरफोन, पाठीवर सॅक. तिने आधी दादाला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मग टीपॉय पाहिला, मग शेल्फ. एक हात सॅकच्या पट्ट्यावर तसाच राहिला.

“तू परवा येणार होतास,” ती म्हणाली.

एवढ्यावरून मला सगळं कळलं. बटाटा अर्धा सोललेला होता, तो मी पुरा सोलला.

रात्रीची जेवणं लवकर उरकली. नंतर मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते, तो येऊन चिमटे गोळा करायला लागला. कामाला हात लावला की त्याला बोलणं सोपं जातं, हे मला माहीत होतं.

“कधी बंद केलीस?” मी विचारलं.

“पहिल्या पहिल्यांदा ठेवायचो की हात.”

“हो. ते माहीत आहे.”

“खोलीत आम्ही चौघं. ती लागली की ते हसायचे. बायकोचा सिग्नल आला, उतर खाली, म्हणायचे.” त्याने चिमटे एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतले. “तेही चाललं असतं. पण दिवसभर वर केबिनमध्ये एकटा असतो मी. हातात दोन दांडे, हे ओढ, ते सोड. खाली माणसं मुंगीएवढी. एक चूक झाली तर कुणाच्या तरी डोक्यावर. खाली आलो की हात उचलवत नाही. खरंच सांगतो. नुसतं पडून राहावंसं वाटतं. काही वाटतच नाही.”

“काही वाटत नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. वाईट नाही, चांगलं नाही.”

मी त्याच्या शर्टाची घडी घालत होते. हे मला कळत होतं. दुसऱ्या कुणी नसतं समजून घेतलं इतकं कळत होतं. पण कळलं म्हणून जवळ गेल्यासारखं वाटलं नाही. एकाच दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेली दोन माणसं असतात, तेवढंच.

“सांगायचं होतंस,” मी म्हणाले.

“तू विचारलं नाहीस कधी. मला वाटलं, तुमचीही कधीच बंद पडली असेल. खुडबुडच्या वस्तू टिकतात कुठे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिल्लूला घेऊन खाली फिरायला गेला. पिल्लू रडत गेलं, पण गेलं. खुडबुड स्वयंपाकघरात आली आणि फरशीवर, माझ्या पायाशी बसली. तिचा कॉलेजचा लॅपटॉप मांडीवर.

“मार,” ती म्हणाली.

“काय?”

“एक ठेवून दे. मग बोलू.”

“माझे हात पिठाचे आहेत.”

ती हसली नाही. “वहिनी, मी फसवायला नाही केलं गं. आधी मला वाटलं, सर्व्हरच बिघडलाय. दोन दिवस तपासत बसले. तिकडून काही येतच नव्हतं. आणि तू दोन्ही दिवस शेल्फपाशी जाऊन उभी राहायचीस, हात पुसत. तिसऱ्या दिवशी मला बघवेना. म्हटलं दादाला शिव्या घालून पूर्ववत करेपर्यंत तात्पुरतं करू.”

“घातल्यास?”

“दोनदा. हो हो म्हणाला.” तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. “मग ते तात्पुरतं तसंच राहिलं. आमच्याकडे तात्पुरतं तेच सगळ्यात जास्त टिकतं.”

स्क्रीनवर काळ्यावर पांढऱ्या थोड्याशा ओळी होत्या. मला वाटलं होतं खूप काही असेल. तिने बोट ठेवून सांगितलं. ही वेळ. रोज थोडी मागेपुढे व्हायची ती इथून. ही रविवारची, दादा रविवारी उशिरा उठतो म्हणून. आणि या ओळीत त्याच्या रजेच्या तारखा, कारण तो घरात असताना लागली तर पंचाईत.

“वाऱ्याचा विचार केला नाहीस,” मी म्हणाले.

“वाऱ्याचा नाही केला.”

“आणि न लागण्याचे दिवस?”

ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, “ते पण मीच. म्हणजे कुठला दिवस, ते प्रोग्रॅम ठरवायचा. पण मधूनच विसरायचं, हे मी घातलं. माणूस रोज न चुकता थोडाच लावेल? रोज लागली असती तर तुला संशय आला असता.”

“मी त्या दिवशी म्हणायचे, ओव्हरटाइम असेल.”

“माहीत आहे. पुटपुटायचीस तू. मी ऐकायचे.”

मी कणीक झाकून ठेवली. हात धुतले. धुवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. नळाचं पाणी कोमट होतं, हे मला जाणवलं.

“आणि ताप आला होता तेव्हा?” मी पाठमोरीच विचारलं. “तेव्हा दोनदा लागली. ती कुठली ओळ?”

“ती ओळ नव्हती.”

“मग?”

“प्रोग्रॅमने एकदाच लावली. दुसऱ्यांदा मी लावली. बाजूच्या खोलीतून. तू उठतच नव्हतीस ना.” तिने नाक वर ओढलं आणि लगेच आवाज चढवला. “आता काढून टाकते सगळं. तूच काढ. या ओळी निवड आणि हे बटण दाब.”

तिने लॅपटॉप वर धरला. मी ओल्या बोटाने दाबलं. ओळी गेल्या. गेल्याचं काहीच दिसलं नाही, फक्त खालच्या वर सरकल्या.

रजा संपली. तो बॅग भरत होता तेव्हा टीपॉयवरची बरणी त्याने उचलली. कुणीतरी पुसून ठेवली होती, सासूबाईंनीच असणार. ती हातात घेऊन तो उंबऱ्याशी जरा वेळ उभा राहिला.

“नेऊ का परत?” त्याने विचारलं. “नेतो. ठेवीन हात आता.”

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. तो खोटं बोलत नव्हता. पहिले काही आठवडे नक्की ठेवला असता. आणि मी पुन्हा सुरी खाली ठेवून, हात पुसून उभी राहिले असते. मग एखादी संध्याकाळ कोरडी गेली असती, आणि मी त्याच्यासाठी कारण शोधलं असतं.

“नको,” मी म्हणाले. “राहू दे इथेच. तू फोन कर. जमेल तेव्हा कर, पण केलास की बोल.”

त्याने मान हलवली. बरणी माझ्या हातात दिली. पिल्लूने त्याला जिन्यापर्यंत टाटा केला. आता ते त्यालाही बाबा म्हणायला लागलं होतं, आणि बरणीलाही.

त्या संध्याकाळी मी भाजी टाकली, झाकण ठेवलं. शेल्फवरची बरणी तशीच, धुकट. लागणार नाही हे ठाऊक होतं, तरी मान एकदा तिकडे वळलीच. पिल्लूचीही वळली. “बाबा?” त्याने विचारलं.

“नाही रे,” मी म्हणाले. “थांब.”

दुसरी बरणी मी दुपारीच खुडबुडच्या टेबलावर ठेवून वायर जोडली होती. ती तेव्हा कॉलेजात होती. आता आत होती, दार अर्धवट लोटलेलं, कळफलकाची टकटक ऐकू येत होती. मी पिल्लूला कडेवर घेतलं, शेल्फपाशी गेले. आजवर उजेड लागल्यावरच मी झाकणाला हात लावला होता. न लागता कधीच नाही. मी तळवा ठेवला. माझ्या हातावर पिल्लूने त्याचा ठेवला, चिकट, बिस्किटाचा.

दाराच्या फटीतून पिवळा उजेड भिंतीवर चढताना दिसला. टकटक थांबली.

“वहिनी,” आतून आवाज आला, जाडसर, “काय गं?”

“काही नाही.”

“मग हाक मारायची की. मध्ये एकच तर भिंत आहे!”

“हात ठेवून बघत होते.”

“चालतंय,” ती म्हणाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “भाजी करपतेय तुझी, ते बघ आधी.”

करपत होती. मला वास आला.